आधी दगड ओळखायला शिक

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण दर वेळी तुझ्या एकाच वाक्याशी अडत होतो. ‘सर, परग्रहावरचे लोक आपल्यापेक्षा किती पुढे असतील?’ यातला ‘पुढे’ मला टोचतो. उत्क्रांती म्हणजे माळशेज घाट चढणारी एसटी आहे आणि आज ना उद्या सगळ्याच गाड्या माथ्यावर पोचणार, असं तू गृहीत धरलंयस. ते राहू दे. आधी माझी एक फजिती सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पुणे जिल्ह्यातल्या बोरीजवळ कुकडी नदीच्या पात्रात मला एक दगड मिळाला. काळा, बदामाच्या आकाराचा, मुठीत अगदी नेमका बसणारा. तिथे अश्मयुगातली हत्यारं सापडतात हे वाचलेलं होतं. मग काय! दगड शाळेच्या काचकपाटात गेला, खाली माझ्या अक्षरात ‘आदिमानवाची हातकुऱ्हाड’. दोन वर्षं पोरांना तो दाखवून भाषणं ठोकली. एकदा पुरातत्त्वाचे एक अभ्यासक आले, त्यांनी दगड दोनदा उलटापालटा केला आणि म्हणाले, ‘गुरुजी, हा नदीनं घडवलाय.’

मग त्यांनी पारावर बसून मला शिकवलं. माणूस दगडाचे छिलके काढतो तेव्हा प्रत्येक घावाची खोलगट खूण राहते. घाव दोन्ही बाजूंनी असतात, एकापुढे एक असतात, आणि त्यांतून एक सलग धार निघते. नदीही दगड फोडते, पण तिला धार नको असते. ‘कुणीतरी घडवलंय’ हे उत्तर सगळ्यात शेवटी द्यायचं, बाकीची सगळी फेटाळून झाल्यावर.

बोरीहून खोडद फार लांब नाही. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. जाळीच्या तबकड्या स्टीलच्या बारीक दोरांनी ताणून धरायच्या, ही खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची कल्पना. त्यामुळे एवढं काम आपल्या ऐपतीत बसलं. जगात कुठेही अशा अँटेनांनी परग्रहावरचा संदेश शोधायचा म्हटलं, तर प्रश्न कुकडीकाठचाच असतो. हे आपोआप झालंय, की कुणी घडवलंय?

१९६७ साली केंब्रिजला जोसेलिन बेल नावाच्या विद्यार्थिनीला आकाशातून ठोके ऐकू आले. दर १.३३ सेकंदाला एक, घड्याळासारखे. त्या स्रोताला तिच्या गटानं गमतीनं ‘छोटी हिरवी माणसं’ म्हणायला सुरुवात केली. पण ती तिथे थांबली नाही. आकाशाच्या अगदी वेगळ्या भागात तिला तसाच दुसरा स्रोत मिळाला, आणि दोन ठिकाणचे हिरवे लोक एकाच वेळी आपल्याला हाका मारत असतील हे काही पटण्यासारखं नव्हतं. ते निघाले पल्सार, गरगर फिरणारे मृत तारे. नदीनं घडवलेला दगड! पण काय दगड, सांग.

उलटंही होतं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला कित्येक वर्षं अधूनमधून विचित्र झटके मिळायचे. २०१५ मध्ये उलगडा झाला: वेधशाळेतलाच मायक्रोवेव्ह. आतलं गरम व्हायच्या आधीच कुणीतरी दार उघडायचं. म्हणजे ‘घडवलेलं’ होतं खरं, पण घडवणारा जेवणाच्या सुट्टीत होता. हे वाचून मी एकटाच हसत बसलो, मग काचकपाट आठवलं.

आता तुझ्या ‘पुढे’कडे येतो. हातकुऱ्हाडीचा आकार दहा लाखांहून अधिक वर्षं जवळपास तोच राहिला. तमिळनाडूत अत्तिरमपाक्कमला अशी हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची निघाली आहेत. (बोरीला हत्यारांसोबत सापडलेल्या ज्वालामुखीच्या राखेच्या थराचं वय मात्र मला विचारू नकोस. एक गट ७५ हजार वर्षं म्हणतो, दुसरा कित्येक लाख, आणि दोघांकडे मापं आहेत.) विचार कर, हजारो पिढ्या बाप लेकाला तोच दगड तसाच घडवायला शिकवतो. प्रगती ही आपोआप वाढणारी गोष्ट असती तर हे झालं असतं का?

आपली मानवजात सुमारे तीन लाख वर्षांची. नारायणगाव ते पुणे हे ७५ किलोमीटर म्हणजे ती तीन लाख वर्षं धर. शेती सुरू होते शेवटच्या अडीच किलोमीटरवर. आणि रेडिओ? स्टँडच्या अलीकडे तीसेक मीटरवर. खोडदच्या एका तबकडीतही ते अंतर मावेल.

खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यानं १९६० मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन बँक वेधशाळेतून दोन जवळच्या ताऱ्यांकडे कान लावला, आणि पुढच्या वर्षी आपल्या आकाशगंगेत संदेश पाठवणाऱ्या संस्कृती किती असतील याचा अंदाज बांधणारं ते प्रसिद्ध समीकरण मांडलं. त्यातल्या ताऱ्यांच्या आणि ग्रहांच्या पदांची आता बरीच मापं मिळाली आहेत. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला परग्रह १९९५ मध्ये सापडला, आज हजारो आहेत. अडतं ते शेवटच्या पदावर: संदेश पाठवू शकणारी संस्कृती टिकते किती काळ? आपलं माप, तीस मीटर. आषाढ लागायच्या आधी भंडारदऱ्याकडे काजवे पाहिलेस ना? आता समज, त्या अख्ख्या खोऱ्यात दोनच काजवे आहेत, आणि रात्रभरात प्रत्येक जण एकदाच लुकलुकणार. ते एकमेकांना दिसतील?

बुद्धीचंही असंच. डोळे उत्क्रांतीत अनेकदा स्वतंत्रपणे आले. पंख कीटकांना, टेरोसॉर या उडणाऱ्या प्राचीन सरीसृपांना, पक्ष्यांना, वटवाघळांना वेगवेगळे फुटले. रेडिओ बनवणारा प्राणी मात्र एकदाच. ऑक्टोपस हुशार आहे, पण पाण्यात चूल कशी पेटवणार, रेडिओसाठी धातू कसा वितळवणार? तू म्हणशील, निअँडरथल नावाची नामशेष झालेली माणसं होती की! होती, पण आपलेच चुलतभाऊ ते. एकाच फांदीची दोन पानं मोजून झाडाचा अंदाज बांधू नये. मला स्वतःला वाटतं की जिवाणू विश्वात पुष्कळ असतील आणि बोलणारे फार थोडे. वाटतं, एवढंच.

वडील म्हणतात ‘यात नोकरी नाही’, ते अर्ध खरं आहे. ‘परग्रहवासी शोधक’ अशी जागा कुणी काढत नाही. पण पल्सारवर, संकेतप्रक्रियेवर (सिग्नल प्रोसेसिंग), जिवाणूंवर काम करणारे लोक लागतात. भौतिकशास्त्र घे, गणित सोडू नकोस, आणि जीवशास्त्र अकरावीतच टाकून देऊ नकोस, ही माझी कळकळीची विनंती समज. माझ्या पिढीत बहुतेकांनी टाकलं, मीही.

२८ फेब्रुवारीला विज्ञानदिनी खोडद सगळ्यांसाठी खुलं असतं. सकाळच्या गाडीनं ये, वडिलांनाही आण. फोन बंद ठेव. ज्या दुर्बिणीला आकाशातलं इतकं क्षीण ऐकायचंय, तिच्या पुढ्यात बडबड कशाला? दुपारनंतर बोरीला जाऊ. तिथे काही हाती लागल्यासारखं वाटलं तर उचलू नकोस, जागेवरच राहू दे आणि मला हाक मार. घावांच्या खुणा आपण दोघं मिळून मोजू. तो जुना दगड अजून माझ्याकडे आहे, सोबत आणतो. चिठ्ठी मात्र बदलली आहे: ‘कुकडी नदीची कारागिरी.’

तुझा,
सर