भिंतीपलीकडचं वायफाय: खिशात हात घालण्याआधी राउटर हलवा

तुमची अडचण मला कळली ती अशी: राउटर बाहेरच्या खोलीत दारामागे आहे, कामाची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये दोन भिंती. तिथे फोनवर जेमतेम दोन कांड्या दिसतात, व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा गोठतो. रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, आणून खोलीत लावला, तर कांड्या पूर्ण झाल्या पण वेग आधीपेक्षा पडला. आता सहा अँटेनांचा राउटर घ्यावा की आठ, असा प्रश्न आहे.

सध्या एकही घेऊ नका. आठवाला मी घेऊन बसलोय, उताण्या कोळ्यासारखा दिसतो. टेबलावर मोजलं तेव्हा सिग्नल दोन डेसिबलनं (सिग्नल मोजायचं माप, पुढे येईलच) वाढला होता, म्हणजे न वाढल्यातच जमा.

असं का होतं ते सांगतो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की निम्मी खरेदी वाचते. वायफाय म्हणजे रेडिओ स्टेशन नाही, की तिकडून बोलायचं आणि इकडे नुसतं ऐकायचं. राउटरनं पाठवलेल्या डेटाची पोच फोनला परत द्यावी लागते. पोच आली नाही की राउटर तेच पुन्हा पाठवतो. आता राउटर भिंतीला जोडलेल्या विजेवर चालतो, फोन बॅटरीवर. त्याची अँटेना नखाएवढी आणि आवाज मुळातच बारीक. राउटर कितीही मोठ्यानं ओरडला तरी फोनचं पुटपुटणं दोन भिंती ओलांडून त्याच्यापर्यंत पोचणार आहे का? कांड्या पूर्ण आणि पान उघडत नाही, हा प्रकार बरेचदा यातूनच होतो. शिवाय राउटरनं किती ताकदीनं बोलावं याला कायद्याची मर्यादा असते, आणि बहुतेक राउटर आधीच तिच्या आसपास असतात. जास्तीच्या अँटेना मुख्यतः एकाच वेळी जास्त प्रवाह पाठवायला आणि थोडाफार सिग्नल एका दिशेला वळवायला असतात. भिंत फोडायला नसतात.

म्हणून पहिलं काम मोजणी. त्याच्याही आधी एक खात्री करा: लॅपटॉप वायरनं थेट राउटरला जोडून वेग बघा. तिथेच वेग रडत असेल तर भिंतींना दोष देऊ नका, दुखणं बाहेरून येणाऱ्या लाइनचं आहे.

कांड्यांवर विश्वास ठेवू नका, त्या प्रत्येक कंपनी आपापल्या मनानं काढते. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही ॲप घ्या. मॅक असेल तर ऑप्शनचं बटण दाबून धरून वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक करा, सगळे आकडे तिथेच दिसतात. तुम्हाला हवाय तो डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा, तो उणे असतो. उणे ५० म्हणजे झकास. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखानं चालतो. उणे ७५ ला कुरकुर सुरू होते आणि उणे ८५ ला वायफाय नावापुरतं. दर ३ डेसिबलला ताकद निम्मी होते आणि दर १० ला एक दशांश राहते, हे लक्षात असू द्या. उणे ६० वरून उणे ८० वर येणं म्हणजे 'थोडं कमी' नव्हे, शंभरावा हिस्सा उरणं.

मग फोन हातात घेऊन घरभर फिरा आणि आकडे कागदावर लिहा. प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा सेकंद थांबा, आकडा स्थिर होऊ द्या. माझ्या वहीत असं होतं: राउटरपासून दोन हातांवर उणे ४१, खोलीच्या दारात उणे ५२, पहिल्या भिंतीपलीकडे उणे ६३, दुसऱ्या भिंतीपलीकडे टेबलावर उणे ७८. दोन्ही भिंती सारख्याच विटांच्या, तरी दुसरीनं पहिलीपेक्षा जास्त खाल्लं. का, हे दोन दिवस कळेना. मग त्या भिंतीला पलीकडून लागून असलेलं लोखंडी कपाट डोळ्यांसमोर आलं. वीट सिग्नल थोडा खाते आणि उरलेला जाऊ देते. लोखंडी पत्रा तो सरळ परतवून लावतो. कपाट हलण्यासारखं नव्हतं, म्हणून राउटर साधारण दीड मीटर डावीकडे सरकवला. आता राउटर ते टेबल ही रेघ कपाट चुकवून, उघड्या दारातून आणि एकाच भिंतीतून जाऊ लागली. आकडा उणे ६६. म्हणजे १२ डेसिबलचा फायदा, जवळजवळ सोळापट ताकद. सोळापट ताकदीचा राउटर कुठल्याच दुकानात मिळत नाही.

तुम्हीही घराचा कच्चा नकाशा काढा आणि राउटरपासून खुर्चीपर्यंत पट्टीनं रेघ ओढा. ती कशाकशातून जाते ते बघा. जिप्समचं किंवा प्लायचं पार्टिशन ३-४ डेसिबल घेतं. विटांची भिंत जाडीनुसार आणि ओलीनुसार ६ ते १० किंवा जास्तही. सळयांचं काँक्रीट सहज १५-२०, आणि ५ गिगाहर्ट्झवर (वायफायच्या दोन मुख्य पट्ट्यांपैकी २.४ सोडून दुसरा) त्याहून वर. पाणी हा सिग्नलचा वैरी, त्यामुळे माशांची टाकी किंवा पाण्याची टाकी रेघेत नको. मोठा आरसाही नको, काचेमागे धातूचा थर असतो. सिग्नल अडवायला तो पातळ थरही पुरतो.

रेघ भिंतीला कोणत्या कोनात छेदते तेही बघा, याकडे फारसं कुणी बघत नाही. १५ सेंटीमीटरची भिंत समोरून ओलांडली तर १५ सेंटीमीटरच. पण रेघ तिरकी, म्हणजे सरळ दिशेपासून ६० अंश कललेली असेल, तर तीच भिंत ३० सेंटीमीटरची होते. दारामागच्या कोपऱ्यात ठेवलेले राउटर यातच मार खातात: एका भिंतीला चिकटलेले, आणि सिग्नल तिच्या लांबीतून चिरत निघालेला. तुमचाही बहुधा तिथेच आहे.

सगळा सिग्नल काही सरळ रेघेनंच येत नाही हेही खरं. दारातून, पॅसेजमधून, छतावर आपटून, असा आडवाटेनंही येतो. एकेकाळी हेच प्रतिध्वनी वायरलेसची मोठी डोकेदुखी होते, कारण एकच संदेश वेगवेगळ्या वाटांनी मागेपुढे येऊन स्वतःवरच आदळायचा. त्यावरचा एक महत्त्वाचा तोडगा ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेत जॉन ओ'सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. माणूस मूळचा रेडिओ खगोलशास्त्रातला. १९९६ मध्ये या तोडग्याला अमेरिकन पेटंट मिळालं. कल्पना अशी की एक वेगवान प्रवाह न पाठवता त्याचे अनेक संथ प्रवाह करायचे, म्हणजे एका ठोक्याचा प्रतिध्वनी पुढचा ठोका येईपर्यंत विरून जातो. त्यामुळे आज दार नुसतं उघडं ठेवल्यानंही फरक पडतो. तरी आडवाटेच्या लहरी एकमेकींना काही जागी मारतातच. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटीमीटरची, म्हणून लॅपटॉप चार बोटं सरकवला की आकडा ५-६ डेसिबलनं बदललेला दिसतो. तो भास नाही.

राउटर जमिनीवर, टीव्हीच्या मागे किंवा बंद कपाटात नको. छातीच्या वर, मोकळा हवा. बाहेरच्या अँटेना असतील तर उभ्या ठेवा. उभ्या अँटेनाचा सिग्नल आडव्या ठेवलेल्या टायरसारखा चहूबाजूंना पसरतो, टोकाच्या दिशेनं जवळजवळ काहीच जात नाही. म्हणून अँटेना खोलीकडे रोखून धरणं म्हणजे उलटाच कारभार. वरच्या मजल्यावर पोचायचं असेल तर एखादी आडवी करा.

राउटरला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लटकवली असेल तर तीही काढून बघा. त्या जोडणीचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो, इंटेलनं २०१२ मध्येच हे सविस्तर मांडलंय.

बँडचं, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांचं, थोडक्यात. २.४ भिंतीतून जास्त जातो, पण तिथे शेजारपाजाऱ्यांची गर्दी असते. त्या पट्ट्याचे चॅनल नावाचे छोटे भाग असतात. एकमेकांवर न चढणारे तीनच, १, ६ आणि ११. त्यातला सगळ्यांत कमी गजबजलेला निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ५ गिगाहर्ट्झला भिंती जास्त जड जातात, तरी माझा अनुभव असा की गजबजलेल्या इमारतीत उणे ७० चा ५ गिगाहर्ट्झ उणे ६० च्या २.४ पेक्षा बरा चालतो. दूरच्या खोलीसाठी त्याची रुंदी ८० वरून ४० करून बघा. निम्मी रुंदी म्हणजे निम्मा गोंगाट, ३ डेसिबल फुकटात मिळतात. चॅनल बदलल्यावर ५ चं नाव मिनिटभर गायब झालं तर घाबरू नका. काही चॅनलवर बोलण्याआधी राउटरला रडार आहे का ते कान देऊन ऐकावं लागतं. ६ गिगाहर्ट्झचं म्हणाल तर तो त्याच खोलीपुरता धरा, दोन भिंतींशी त्याचा संबंध नाही.

आता रिपीटर. एकाच रेडिओचा रिपीटर आधी ऐकतो, मग तेच त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो. एका कामाला दुप्पट वेळ, म्हणून वेग निम्मा. त्यात तुम्ही तो त्याच खोलीत लावलाय जिथे सिग्नल मुळातच मेलेला आहे. त्याला जे फाटकं मिळतं तेच तो मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि कांड्या दिसतात त्या त्याच्या स्वतःच्या. टाकून देऊ नका. मधल्या जागी, उणे ६० च्या आसपास, शक्यतो दाराच्या रेघेत लावा. मेशलाही, म्हणजे घरभर ठेवून एकच नेटवर्क करणाऱ्या डब्यांच्या संचालाही, हाच नियम. आपसात बोलायला वेगळा रेडिओ असलेला मेश चांगला असतो, पण त्याचे दोन डबे एकमेकांना नीट ऐकू शकत नसतील तर तोही महागडा रिपीटरच.

एवढं करूनही आकडा उणे ७० च्या खाली राहिला, तर माझं मत ठाम आहे: भिंतीतून सिग्नल ढकलू नका, वायर न्या. भिंतीला एक भोक. खोलीत एखादा जुना राउटर लावा. त्याचा डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना आयपी पत्ते वाटायची सोय) बंद करा, आयपी पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्या, आणि केबल त्याच्या वॅनच्या (बाहेरच्या लाइनच्या) नव्हे तर लॅनच्या (घरातल्या उपकरणांच्या) भोकात घाला. नाव आणि पासवर्ड तोच, चॅनल वेगळा. झाला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायरवरून आलेलं नेटवर्क खोलीत वायफायनं देणारा डबा, तयार. कॅट ५ई प्रकारची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट देते. घेताना आत शुद्ध तांबं आहे ना ते बघा. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम लवकर तुटतं.

भोक पाडताना स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत ड्रिल लावू नका, विजेच्या तारा तिथूनच जातात. दाराच्या चौकटीपासून दोन्ही बाजूंनी मोजून खूण करा. केबल सुमारे ६ मिलिमीटरची, पण तिच्या टोकाचा प्लग त्याच्या दुप्पट रुंद. मी पहिल्यांदा तयार प्लगवाली केबल आणली आणि ती भोकात जाईना म्हणून भिंत उकरत बसलो. साधी केबल आणा, १० मिलिमीटरच्या भोकातून ओढा आणि मग प्लग चेपा. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोडल्यावर वेग बरोबर १०० मेगाबिटच्या आसपास अडकला तर तारांच्या चार जोड्यांपैकी एखादी नीट बसलेली नाही. प्लग कापा, नवा चेपा.

भोक पाडायची परवानगी नसेल तर केबल चौकटीच्या कडेनं पट्टीत बसवून न्या. विजेच्या वायरिंगमधून नेटवर्क नेणारे अडॅप्टरही असतात, पण त्यांचं चालणं घराच्या वायरिंगवर अवलंबून. परत करता येईल अशा बोलीवरच घ्या.

दोन राउटर झाल्यावर एक नवी तक्रार येईल: खोलीत जाऊनही फोन जुन्यालाच धरून बसतो. कुठे जोडायचं ते फोन ठरवतो, राउटर नाही. आयफोन तर सिग्नल उणे ७० च्या खाली गेल्याशिवाय दुसरा शोधायलाच लागत नाही. उपाय विचित्र वाटेल: दोन्ही राउटरची ताकद सेटिंगमध्ये जाऊन कमी करा, म्हणजे एकाची हद्द संपते तिथे फोन दुसऱ्याकडे जाईल.

तर आधी राउटर दारामागून काढून दीड-दोन मीटर इकडेतिकडे हलवून बघा, लांब केबल तात्पुरती जमिनीवरून टाकलीत तरी चालेल. आणि मला तीन आकडे कळवा: पहिल्या भिंतीच्या अलीकडचा, पलीकडचा आणि तुमच्या टेबलावरचा. दुसऱ्या भिंतीला पलीकडून काय टेकवलंय, तेही लिहा.