एका डॉलरमागे आणखी एक

प्रश्न: मुलगी मिशिगनला असते. तिथल्या शेतकरी बाजारात गरिबांना सरकारी कार्डावर दुप्पट भाजी मिळते म्हणे. वरचे पैसे कोण भरतं?

उत्तर: ताई, मलाही आधी ही थापच वाटली होती! ‘स्नॅप’ हे तिथलं सरकारी अन्नसाहाय्य. ‘डबल अप फूड बक्स’ या योजनेत त्या कार्डावर एक डॉलर खर्च केला की फळं-भाज्यांसाठी आणखी एक मिळतो, अर्थात ठरावीक मर्यादेपर्यंत. सुरुवात २००९ मध्ये डेट्रॉइटला झाली. आधी भार देणगीदारांवर होता. २०१४ च्या शेती कायद्यानंतर अशा योजनांना केंद्राचा निधी मिळू लागला. शेतकऱ्याला मात्र पूर्ण दाम मिळतो, हे मला विशेष आवडलं. एरवी स्वस्ताईसाठी त्याचाच खिसा कापतात. अडचण एवढीच, की बाजार आठवड्यातून एकदा भरणार आणि नेमकी त्याच दिवशी कामावरून सुट्टी नाही.