एमपीथ्री प्लेयरचा हेडफोन जॅक सारखा खराब होतो. चांगलं कव्हर घेतलं तर वाचेल का?

नाही. कव्हरने ओरखडे वाचतात, जॅकला त्याचा काडीचा उपयोग नाही. जॅक मरतो तो पिनेवर आडवा जोर येऊन. सरळ पिन प्लेयरच्या डोक्यावर उभी असते, खिशात तिला धक्का बसला की ती पहारीसारखी काम करते आणि आत बोर्डावरचे सोल्डरचे टाके उचकटतात.

हे मला कसं कळलं ते सांगते. २००९ मध्ये पहिल्या पगारातून ४ जीबीचा प्लेयर घेतला. बाबांच्या कॅसेटी दिवाळीच्या सुट्टीत एकेक वाजवून कॉम्प्युटरवर घेतल्या. तासाची कॅसेट भरायला तासच लागतो. दादा मात्र रोज सकाळी तो प्लेयर ट्रॅकपँटच्या खिशात, पिन वर करून, पळायला न्यायचा. महिन्याभरात भुताटकी सुरू झाली. सिनेमाच्या गाण्यांतून गायिकाच गायब, मागे व्हायोलिनं आणि घुमारा. जुनी नाट्यगीतं तर मुकीच, नुसती फितीची खरखर. दादाचं निदान: "तुला फायली नीट करता येत नाहीत." मी मूर्खासारखं सगळं उडवलं आणि परत कॅसेटी लावत बसले. त्यात दोन कॅसेटींची फीत टेपरेकॉर्डरने खाल्ली. नव्या फायलींतही गायिका नव्हतीच.

शेवटी मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका दुरुस्तीवाल्याने प्लेयर उघडला, भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, "ग्राउंड सुटलाय." ग्राउंड म्हणजे दोन्ही कानांची समाईक तार. ती तुटली की डाव्या-उजव्या आवाजातला फरक तेवढा ऐकू येतो. गाणाऱ्याचा आवाज बहुतेक वेळा दोन्हीकडे सारखा असतो, तो कटतो. मोनो रेकॉर्डिंग तर दोन्हीकडे एकच, मग उरणार काय? एक डाग दिला, पाच मिनिटांत गायिका परत आली. दादा आजही फायलींवरच अडून आहे. तो हे वाचेल अशी आशा आहे.

तर एल आकाराच्या पिनेचे इयरफोन घ्या. आवडते इयरफोन सरळ पिनेचे असतील तर एल पिनेची वीतभर एक्स्टेंशन वायर प्लेयरला कायमची लावून ठेवा, काढघाल तिच्या दुसऱ्या टोकाला करा. पिन आत असताना वायर प्लेयरभोवती गुंडाळू नका. एका कानात आवाज गेला की पिन पिरगाळून ऐकत बसायची सवय सगळ्यात वाईट, उरलेले टाकेही जातात.

हां, हे सगळं करण्याआधी दुसरे इयरफोन लावून बघा, कदाचित वायरच गेली असेल. आणि जॅकमध्ये टॉर्च मारा. खिशातला कापूस आत दाबला गेला की पिन पूर्ण बसत नाही आणि लक्षणं अशीच दिसतात. प्लेयर बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा, सुई नको.

प्लेयर घरात आणखी कोण वापरतं, ते तुम्ही लिहिलं नाहीत.