एरिया चांगला आहे का हो? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. मी अंबाजोगाईचा. शेंद्र्याच्या एका कंपनीत जॉब लागलाय, पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय. मी, बायको आणि मुलगी, ती यंदा पहिलीत जाणार. संभाजीनगरात आमचं कुणी नाही, एक मावसभाऊ आहे पण तो वाळूजकडं बजाजनगरात, तो म्हणतो इकडंच ये. एजंटनं सातारा परिसरात एक टू बीएचके दाखवला, एकदम नवा, टाइल्स बिइल्स चकाचक, भाडंही झेपेल असं. मुकुंदवाडीला एक जुनं घर बघितलं, ते काही खास नाही पण बायकोला आवडलं, का आवडलं ते तिलाही सांगता येईना. ज्याला विचारावं एरिया कसा आहे तो वेगळंच सांगतो. आणि एजंट दोन दिवसात टोकन द्या म्हणून मागं लागलाय. काय करू?

उत्तर : दादा, टोकन अजून देऊ नका. एजंटचे दोन दिवस नेहमीच दोन दिवस असतात, आणि हे घर गेलं तर दुसरं दाखवायला तोच पहिला फोन करतो.

मावसभावाचं आधी बघू. बजाजनगर चांगलं आहे, पण कुणासाठी, तर वाळूजला कामाला जाणाऱ्यासाठी. वाळूज शहराच्या पश्चिमेला नगर रोडवर, शेंद्रा पूर्वेला जालना रोडवर, मधे अख्खं शहर. रोज दोन टाइम ते ओलांडून भावाच्या शेजारी राहायचं म्हणजे भाऊ पण रविवारीच भेटणार. सातारा लांब वाटतं पण तिथून बीड बायपास धरून झाल्टा फाट्याकडनं निघता येतं, शहरात शिरावं लागत नाही, फक्त बायपासला जड वाहनं फार, बाइकवर जाणार असाल तर आपल्या शिफ्टच्या टाइमाला एकदा स्वतः जाऊन बघा. मुकुंदवाडी जालना रोडलाच लागून. पण खरं उत्तर तुमच्या कंपनीच्या एचआरकडं आहे, त्यांना विचारा की कंपनीची बस कुठं कुठं थांबते. बसचा स्टॉप चालत जाण्याच्या अंतरावर असला की अर्धा प्रश्न मिटला, नाईट शिफ्ट असेल तर जास्तच.

आता उरलेला अर्धा, आणि तो आहे पाणी. तुम्ही पत्रात टाइल्स लिहिल्या, भाडं लिहिलं, पाण्याचा एक शब्द नाही, आणि मला खात्री आहे एजंटनंही काढला नसणार. अंबाजोगाईच्या माणसाला पाणीटंचाई शिकवायची गरज नाही पण इथली तऱ्हा वेगळी आहे. इथं शहराला पाणी पैठणच्या जायकवाडीतून येतं, जवळपास 50 किलोमीटरवरून, आणि वर्षानुवर्षं असं चाललंय की नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, काठोकाठ भरला तरी नळाला काही रोज पाणी येत नाही. अमुक दिवसाआड येतं, आणि हा अमुक आकडा प्रत्येक भागाचा वेगळा असतो. मोठ्या नव्या पाइपलाइनचं ऐकाल, एजंट तर आवर्जून ऐकवेल, पण ते पाणी त्या गल्लीत त्या नळाला आलेलं दिसेपर्यंत त्यावर भाडं ठरवू नका.

म्हणून घरमालकाला पाणी येतं का असं विचारूच नका, त्याचं उत्तर हो हेच असतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जा, बिस्किटचा पुडा घ्या आणि विचारा, शेवटचं पाणी कधी आलं होतं, किती वेळ होतं, आणि आता परत कधी येणार. बायकांना हे तोंडपाठ असतं, कारण पाण्याच्या दिवशी त्यांचं बाहेर जाणं, पाहुणे, दळण सगळं त्या हिशोबानं चालतं. मग विचारा गेल्या एप्रिल मे महिन्यात टँकर किती मागवले आणि एकाला किती मोजले. ज्या दिवशी पाणी येणार असेल नेमकं त्याच दिवशी परत जा. कुणाच्या मोटरी चालू आहेत, नळीला धार कशी आहे, गल्लीत भांडण होतंय का, सगळं दिसतं. घर दाखवायला एजंट त्या दिवशी नको म्हणेल, तरी जा, घर नाही बघायचं, गल्ली बघायचीय.

नुसतं फिरून पण पुष्कळ कळतं. दारादारात निळे ड्रम मांडलेत म्हणजे त्या गल्लीत नळ नाही किंवा असून नसल्यासारखा. सातारा देवळाईकडं कितीतरी बिल्डिंगी बोअर आणि टँकरवर आहेत, म्हणून तुमच्या त्या चकाचक टू बीएचकेचं भाडं बजेटमध्ये बसतंय, हे लक्षात घ्या, टँकरचा वाटा मेंटेनन्समध्ये वेगळा पडतो आणि तो आकडा कुणी स्वतःहून सांगत नाही. बोअर असेल तर बाथरूममध्ये जाऊन नळाची तोटी आणि मालकाची जुनी बादली बघा. तोटीच्या तोंडाला पांढरा चुन्यासारखा थर, बादलीला आतून पांढरी कडा, म्हणजे पाणी जड आहे. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, गिझरची कॉइल जाते, आणि प्यायला जार लावावाच लागतो. त्यानं घर वाईट ठरत नाही पण जारचे, टँकरचे पैसे भाड्यात मिळवा आणि मग मुकुंदवाडीच्या घराशी तुलना करा.

अजून एक. मालक खाली आणि तुम्ही वर असाल तर जमिनीतल्या हौदातून वर टाकीत पाणी चढवायची मोटर कुणाच्या हातात आहे, बटण कुठं आहे, हे बघून घ्या. हसू नका, अर्धी भांडणं या बटणावरून होतात.

लाइटचं पण तसंच. स्वतंत्र मीटर आहे का सबमीटर? महावितरणचा दर युनिट वाढतील तसा चढत जातो, 100 युनिटपर्यंत एक, मग 300 पर्यंत वेगळा, असं. एकाच मीटरवर मालक आणि दोन भाडेकरू असले की सगळ्यांचं मिळून वरच्या दरात जातं आणि मालक सरसकट एक भाव लावून मोकळा होतो. स्वतंत्र मीटर असेल तर मागचं बिल मागा, त्यावर आधीच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, मे महिन्याचा आकडा बघा. वरचा मजला असेल तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्लॅब रात्री अकरालाही तापलेला असतो, कूलरशिवाय झोप नाही, आणि कूलर पाणी पितो, म्हणजे गाडी परत पाण्यावरच येते.

पावसाळ्याचं कुणी विचारत नाही. सातारा, देवळाई, हर्सूलकडं, जिथं जिथं नव्या कॉलन्या झाल्यात तिथं काळी माती आणि आतले रस्ते कच्चे असले की दोन पावसात बाइक चिखलात रुतते. मुलगी पहिलीत जाणार ना, मग नेमकं हे विचारा की स्कूल व्हॅन जुलैमध्ये गल्लीत आत येते का मेन रोडला थांबते. व्हॅनवाल्यालाच विचारा, तो खोटं बोलायचं काही कारण नाही. घंटागाडी रोज येते का हेही. 2018 मध्ये नारेगावचा कचरा डेपो बंद पडला तेव्हा सगळ्या शहरानं कचऱ्याचे ढीग बघितलेत, तेव्हापासून इथं घर बघताना लोक नाक उघडं ठेवतात. संध्याकाळी वारं सुटल्यावर जा.

प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेला, आहे का हे पण विचारा. भाड्यानं राहायला त्यात काही वाईट नाही, शहरातली निम्मी ओळखीची माणसं तिथंच राहतात, 2001 च्या कायद्यानं अशा वस्त्या नियमित करायची सोयही झाली. पण ड्रेनेज, रस्ता, लाइट तिथं उशिरा पोचतं, सेप्टिक टँक असेल तर उपसायचा खर्च कुणाचा ते आधी बोलून घ्या.

आता तो एरिया कसा आहे हा प्रश्न. दादा, तुम्हाला जो तो वेगळं सांगतोय कारण तुमचा प्रश्नच तसा आहे. आपल्याकडं एरिया चांगला नाही म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्यांना म्हणायचं असतं की तिथं आपली माणसं नाहीत. आपली म्हणजे कोण ते तुम्ही समजून घ्या. मालकही आडनाव ऐकून मग रूम खाली आहे का नाही ते ठरवतात, हे मला पत्रातून कितीदा कळवलं जातं, आणि त्याचा मला राग येतो तो येतोच. म्हणून कुणी वाईट एरिया म्हणालं की तिथंच विचारा, वाईट म्हणजे काय. गाड्या चोरीला जातात? रात्री दारूडे बसतात? नाला घरात शिरतो? असं काही ठोस सांगितलं तर ऐका, स्वतः जाऊन बघा. नुसतं "तिकडची वस्ती तशीच आहे" एवढंच आलं तर ते सोडून द्या.

आणि सेकंड शिफ्ट सुटते त्या टाइमाला एकदा दोन्ही गल्ल्यांतून बाइकवरून जाऊन या. लाइट किती पोलवर आहे आणि कुत्री किती मागं लागतात ते दिवसा कळत नाही. वहिनींना घेऊन जा, तुम्ही कंपनीत असताना त्या गल्लीत दिवस त्यांना काढायचाय. मुकुंदवाडीचं घर त्यांना का आवडलं ते परत विचारा, मला वाटतं तिथं ओट्यावर बायका बसलेल्या असणार, भाजीवाला दारात येत असणार. तसं असेल आणि पाण्याचं उत्तर बरं आलं तर मी तरी टाइल्सकडं बघणार नाही.

प्रश्न : मी उदगीरची. मुलाला दहावीला चांगले मार्क पडलेत, लातूरला अकरावी आणि नीटचे क्लास लावायचेत. त्याचे बाबा म्हणतात हॉस्टेलला टाक, मी म्हणते मी खोली करून त्याच्याजवळ राहते, दोन वर्षांचाच प्रश्न आहे. खोली क्लासच्या अगदी जवळ घेऊ का लांब? लातूरचं मला फक्त बसस्टँड आणि गंजगोलाई माहिती.

उत्तर : ताई, तुमच्यासारख्या आया लातुरात गल्लोगल्ली आहेत, एकट्या पडणार नाही. उद्योग भवनाकडं, जिथं शिकवण्यांची गर्दी, तिथं खोल्या भरपूर पण एका खोलीचे प्लायवूड टाकून दोन केलेले, भाडं जास्त, आणि जिना एकच. मुलगा सायकलवर दहा पंधरा मिनिटांत पोचेल एवढ्या अंतरावर बघा, तिथं घरं घरासारखी मिळतात. फक्त रात्रीचा क्लास सुटल्यावर तो कोणत्या रस्त्यानं येणार तो रस्ता तुम्ही स्वतः त्या वेळेला चालून बघा.

मंगल कार्यालय किंवा लॉन्स जवळ आहे का ते मात्र आधी बघा. नीटचा पेपर मे महिन्याच्या सुरुवातीला असतो, आणि आपल्याकडं लग्नसराई ऐन तेव्हाच, एप्रिलभर शेजारी डीजे वाजत असला तर दोन वर्षांच्या भाड्याचा काही उपयोग नाही. दिवाळीत खोली बघितली तर हे लक्षातच येत नाही.

पाण्याचं तुम्हाला वर सगळं सांगून झालंय. लातूर मांजरा धरणाच्या भरवशावर आहे, 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती ते तुम्हाला आठवत असेल. नंतर धरण भरलंही, पण मालकाला बोअर कितीला लागलाय आणि त्या 2016 साली तो चालू होता का, हे विचाराच. तेव्हा टिकला असेल तर तो बोअर भरवशाचा.

बाबांचं हॉस्टेलचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, काही मुलं आई जवळ असली की जास्त दबतात. मुलाला विचारलं का?

प्रश्न : जालन्याला खोली बघितली, सगळं पसंत आहे. मालक वयस्कर आहेत, म्हणतात करार बिरार कशाला, घरच्यासारखे राहा, पोलिसांत पण कळवायची गरज नाही. आम्हालाही बरं वाटलं, खर्च वाचला. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. घरच्यासारखं राहा म्हणणारी माणसं मनानं चांगलीच असतात, पण उद्या त्यांचा मुलगा पुण्याहून येऊन खोली खाली करा म्हणाला तर तुमच्या हातात काय? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, त्याच्या कलम 55 नं करार लेखी आणि नोंदणी केलेला लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आजोबांना हे प्रेमानं सांगा, घाबरवू नका. बाँडवर नोटरी करून आणलेला कागद म्हणजे नोंदणी नाही, हेही सांगा.

खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या अशा भाडेकराराला, मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के, परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून ते त्यात मिळवतात, आणि शहरी हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये. ऑनलाइन होतं, करून देणारे घरी येऊन अंगठे घेतात, त्यांची फी वेगळी, आजोबांशी बोलून निम्मी निम्मी करा. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायचा फॉर्म पण त्याच वेळी भरून टाका, त्यात कमीपणा काही नाही.

आणि राहायला जाल त्या दिवशी सामान आत नेण्याआधी रिकाम्या खोल्यांचे, भिंतीवरच्या ओलीचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढा आणि लगेच आजोबांच्या किंवा त्यांच्या मुलाच्या व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा.