बाबांच्या लिव्हरला कधी जखम झालीच नाही, मग 'फायब्रोसिस' म्हणजे व्रण आला कुठून?

तुम्ही लिहिलंय की बाबा दारूला शिवत नाहीत, पोटाला कधी मार लागलेला नाही, तरी फायब्रोस्कॅनमध्ये, म्हणजे लिव्हरचा कडकपणा बाहेरून मोजणाऱ्या तपासणीत, एफ-२ आलं (एफ-० म्हणजे व्रण नाही, एफ-४ म्हणजे सगळ्यात जास्त). हा व्रण कसा तयार होतो आणि तो जाईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही. परळच्या एका रुग्णालयात हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये, म्हणजे शरीरातून काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात तिथे, टेक्निशियन आहे. लिव्हर बायोप्सीचा तुकडा दोऱ्यासारखा बारीक, दीड-दोन सेंटिमीटर लांब. त्याचे चार-पाच मायक्रॉनचे काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून अलगद काचेवर घ्यायचे आणि ट्रायक्रोम नावाच्या रंगांनी रंगवायचे. लिव्हरच्या पेशी लाल होतात, कोलॅजेन, म्हणजे ज्याचा व्रण बनतो ते धाग्यांसारखं प्रथिन, निळं. निरोगी लिव्हरमध्ये निळं जेमतेम रक्तवाहिन्यांच्या कडेला, पेन्सिलीने गिरवल्यासारखं. फायब्रोसिसमध्ये तिथून निळे धागे फुटतात. सिऱ्हॉसिसच्या, म्हणजे फायब्रोसिसच्या शेवटच्या टप्प्याच्या, काचेवर तर लाल पेशींची बेटं निळ्या कुंपणांत कोंडलेली दिसतात. इतकी वर्षं झाली, तरी अशी काच हातात आली की पोटात कालवतं.

हे निळं विणतात शेजारच्या पेशी, स्टेलेट म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या. शरीररचनाशास्त्रज्ञ कुफर यांनी १८७६ मध्ये त्यांचं पहिलं वर्णन केलं. लिव्हरच्या पेशी आणि रक्ताच्या बारीक वाटा यांच्यामधल्या फटीत त्या गुपचूप बसून असतात, पोटात 'अ' जीवनसत्त्वाचे तेलकट थेंब साठवून. लिव्हरच्या पेशी चरबीने, विषाणूने किंवा दारूने मरू लागल्या की त्यांना टीजीएफ-बीटासारखे रासायनिक निरोप पोचतात. मग तारे बदलतात: थेंब संपतात, अंगात स्नायूंसारखे तंतू येतात, त्या वाढतात, आवळतात आणि कोलॅजेन सोडत राहतात. तेच कोलॅजेन त्या फटीत भरतं आणि रक्त व पेशी यांच्यातली देवाणघेवाण अडते. लिव्हर 'कडक' लागतं ते यामुळे. म्हणजे बाबांची जखम एकदाच झालेली मोठी नाही, रोजची बारीक आहे.

किडनीत आणि फुप्फुसात हेच काम तिथल्या आधार देणाऱ्या पेशी करतात. व्रण मुळात वाईट नसतो बरं का. हार्ट ॲटॅकनंतर मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण धरला नाही, तर हृदयाची भिंत फाटेल. घात होतो तो काम थांबत नाही तेव्हा.

आता तुमचा खरा प्रश्न. रोजची इजा थांबली की या पेशींपैकी काही मरतात, काही पुन्हा शांत होतात, आणि साचलेलं कोलॅजेन शरीर हळूहळू विरघळवतं. हिपॅटायटिस बीच्या एका पेशंटच्या, काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन काचा मी शेजारी ठेवून पाहिल्यात. औषध सुरू झाल्यानंतरच्या काचेवर जाड पट्ट्यांच्या जागी तुटक, विरळ धागे उरले होते. प्रत्येकाचं इतकं सुधारतं असं नाही, पण एफ-२ला वाव भरपूर असतो. म्हणून लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांवर पैसे घालू नका, कारण शोधा. दारू नसेल तर बहुतेकदा फॅटी लिव्हर निघतं, आणि त्यात वजन हळूहळू उतरवलं की फरक पडतो.

बाबांची साखर किती असते? हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही तपासलंय का? नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना आधी हेच विचारा.