आधी एक नोंदवही सुरू कर

अगं, स्तनकर्करोगाच्या तपासणीवर पहिलं संशोधन करायचंय म्हणतेस, तर लगेच एआयच्या मागे धावू नकोस. आधी नोंदवही सुरू कर: तू ‘बायरॅड्स ४’ (म्हणजे कर्करोगाचा संशय, बायोप्सी करा असा शेरा) लिहिलेल्या प्रत्येक बाईच्या बायोप्सीत पुढे काय निघालं? स्वतःच्या चुका तिथेच सापडतात, पहिला पेपरही. आपल्याकडे तरुण बायका बऱ्याच येतात, स्तन दाट. मॅमोग्राममध्ये (स्तनाच्या एक्स-रेमध्ये) दाट ऊती पांढरी, गाठही पांढरीच. म्हणून सोनोग्राफीत हात बसव. मुंबईत १९९८ ला सुरू झालेल्या दीड लाख बायकांच्या चाचणीत नुसत्या हाताच्या तपासणीने पन्नाशीपुढच्यांचे स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्के घटले (आपला मशीनचा तोरा उतरतो!). संमतीपत्र मराठी-कन्नड दोन्हीत छाप. निपाणीची विड्या वळणारी मावशी तपासणीला ‘दुखत न्हाई, मग कशाला?’ म्हणाली, की खुर्ची ओढून बस तिच्यापाशी.