जर्मनीत वृद्धसेवेतील नेतृत्वपद : आधी मान्यता, मग अभ्यासक्रम

नमस्कार सिस्टर,

तुम्ही जीएनएम (परिचारिकेचा पदविका अभ्यासक्रम) केले आहे, सांगलीत अतिदक्षता विभागात काम करता आणि पुढील वर्षी जर्मनीत वृद्धसेवेच्या क्षेत्रात येऊ इच्छिता. तेथे पुढे प्रमुखपद मिळावे म्हणून भारतातूनच व्यवस्थापनाचा एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम करून जावे का, असे तुम्ही विचारले आहे. श्टुटगार्टजवळच्या एका वृद्धसेवागृहात मी एका मजल्याची प्रमुख आहे, आणि माझे स्पष्ट मत असे की ते पैसे आणि तो वेळ तुम्ही आत्ता जर्मन भाषेवर खर्च करावा.

याचे कारण कायद्यातच आहे. संपूर्ण संस्थेच्या शुश्रूषेची जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीला, म्हणजे ज्यांना येथे सगळे ‘पीडीएल’ म्हणतात त्यांना, सामाजिक संहितेच्या अकराव्या भागातील कलम 71 लागू होते. त्यानुसार परिचारिका म्हणून मान्यताप्राप्त पात्रता, मागील आठ वर्षांत त्या व्यवसायाचा दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव आणि नेतृत्वपदासाठीचे किमान 460 तासांचे प्रशिक्षण आवश्यक ठरते. यांतील पहिली अट पूर्ण होईपर्यंत इतर दोहोंचा उपयोग नाही. मान्यता मिळेपर्यंत तुम्ही मदतनीस म्हणूनच काम कराल, मग सांगलीत तुम्ही व्हेंटिलेटरवरचे रुग्ण सांभाळलेले असोत वा नसोत. दोन वर्षांचा अनुभवही मान्यतेनंतरचा धरूनच आखणी करावी, म्हणजे पुढे निराशा होत नाही.

श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये मान्यतेचे काम श्टुटगार्ट येथील प्रादेशिक शासकीय कार्यालय पाहते. ते तुमच्या अभ्यासक्रमाचे तास जर्मन अभ्यासक्रमाशी ताडून पाहते आणि काय कमी पडते ते लेखी कळवते. त्यानंतर पूरक प्रशिक्षण किंवा तोंडी व प्रात्यक्षिक ज्ञानपरीक्षा यांपैकी एक मार्ग निवडावा लागतो. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने याच राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला हे खरे आहे, परंतु त्यामुळे मान्यतेच्या अटी सैल झालेल्या नाहीत.

आता भाषेविषयी, कारण खरी अडचण तेथेच येते. मान्यतेसाठी जर्मन भाषेची बी-टू (वरची मध्यम) पातळी चालते, पण मजला चालवायला ती अपुरी पडते. 1 जानेवारी 2020 पासून लागू झालेल्या परिचर्या व्यवसाय कायद्याने शुश्रूषेची गरज ठरवणे, तिच्या प्रक्रियेचे नियोजन करणे आणि तिचा दर्जा सांभाळणे ही कामे केवळ पात्र परिचारिकांसाठी राखून ठेवली आहेत. त्यामुळे नेतृत्व हे प्रमुखपदाची नेमणूक होण्याआधीच, पहिल्या स्वतंत्र पाळीपासून सुरू होते, आणि ते बरेचसे लेखी असते. समजा, रात्री दीड वाजता एक आजी पलंगाशेजारी जमिनीवर बसलेल्या दिसल्या. त्या पडल्या असे तुम्हांला वाटले तरी कोणी पाहिलेले नसेल, तर ‘पडल्या’ असे लिहायचे नाही. त्या कोठे, कशा स्थितीत आढळल्या, पायांत काय होते, दिवा लागलेला होता का, रक्तदाब व नाडी किती, डॉक्टरांना आणि त्यांच्या मुलीला कधी कळवले, हे सगळे लिहायचे. सकाळी ती मुलगी फोनवर रागावते, तेव्हा तिच्याशी त्याच शांतपणे बोलायचे. वृद्धसेवागृहांचा दर्जा तपासणाऱ्या वैद्यकीय सेवेचे तपासनीस सहसा फार आधी न कळवता येतात आणि एखाद्या रहिवाशाच्या बेडसोरच्या धोक्याविषयी तुमच्याशी थेट चर्चा करतात. अशा वेळी भाषांतराचे अ‍ॅप कामाला येत नाही. बी-टूच्या वरची सी-वन परीक्षा कोणी मागत नसले तरी त्या पातळीची तयारी ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

मान्यतेनंतर एकदम 460 तासांच्या प्रशिक्षणामागे न धावता आधी प्रात्यक्षिक मार्गदर्शकाचे प्रशिक्षण घ्यावे, असे मला वाटते. ते 300 तासांचे असते आणि पुढे दरवर्षी 24 तासांचे उजळणी प्रशिक्षण बंधनकारक असते. शिकाऊ विद्यार्थ्यांना शिकवताना, त्यांचे मूल्यमापन लिहिताना आणि त्यांना समोर बसवून चुका सांगताना येथील बोलण्याची रीत अंगवळणी पडते. आपल्याकडे इन्चार्ज सिस्टरचा शब्द ज्येष्ठतेमुळे चालतो. येथे विशीतला मदतनीसही ‘हे असे का?’ असे विचारतो आणि त्याला कारण द्यावे लागते. (पहिल्या वर्षी हे फार झोंबते, नंतर बरे वाटू लागते.)

460 तासांच्या मोठ्या प्रशिक्षणाचे शुल्क बहुधा संस्थाच भरते, पण त्याबदल्यात ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची आणि सोडल्यास पैसे परत करण्याची अट करारात असते. तो काळ किती, आणि महिन्यागणिक परत देण्याची रक्कम कमी होत जाते का, हे सहीपूर्वी पाहावे. भारतातच ‘जर्मनीत थेट मॅनेजर’ असे सांगून शुल्क घेणाऱ्या एजंटांच्या नादी मात्र लागू नये.

निघण्यापूर्वी महाविद्यालयाकडून विषयवार थिअरी व प्रात्यक्षिकाचे तास दाखवणारा तपशील शिक्क्यासह घ्या आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची मुदत तपासा. अनुभवाच्या दाखल्यात केवळ ‘स्टाफ नर्स’ एवढेच न लिहिता विभाग, आठवड्याचे तास आणि वृद्ध रुग्णांची केलेली शुश्रूषा यांचा उल्लेख करून घ्या, कारण कमतरतेची यादी किती लांब होईल हे बहुतांशी याच कागदांवर ठरते आणि येथे आल्यावर सांगलीहून ते मागवण्यात महिने जातात.